दोन महिने अंगावर, दहा महिने पेटीत

‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणता म्हणता घरातले स्वेटर, शाली, मफलर, कानटोप्या एका ढिगात गोळा होतात आणि आता हे सगळं ठेवायचं कसं, हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात लोकरीची खरी गरज दिवाळीनंतर सुरू होते आणि शिमग्याच्या आसपास संपते. नाशिक, महाबळेश्वर, नागपूरकडे ती जरा जास्त, मुंबई-कोकणात तेवढीही नाही. त्यातही इथला स्वेटर प्रत्यक्षात जेमतेम दोन-अडीच महिने अंगावर असतो आणि बाकीचं वर्ष कपाटात, माळ्यावर नाहीतर दिवाणाच्या पोटात काढतो. त्या मुक्कामात मे महिन्याचं ऊन येतं, चार महिन्यांचा पाऊस येतो आणि वर ऑक्टोबरचा उकाडाही येतो. थंड प्रदेशातल्या माणसाचा स्वेटर वापरून झिजतो, आपला मात्र ठेवून खराब होतो.

असं असूनही लोकरीची काळजी म्हटली की आपल्याला आधी डांबरगोळी आठवते. मूठभर गोळ्या टाकल्या, पेटीला कडी लावली, की कर्तव्य संपलं! खरं तर कपडा दिवाळीला कसा निघणार हे त्या गोळीच्या आधीच ठरलेलं असतं. तो धुऊन ठेवला की तसाच, पुरता वाळला होता की नाही, आणि कुठल्या हवेत घडी घालून पेटीत गेला, या तीन गोष्टी सांभाळल्या तर गोळीला फारसं काम उरत नाही. त्या सांभाळल्या नाहीत तर गोळीच्याने काही होत नाही.

आधी हे बघा: लोकर आहे का?

घरातल्या ‘लोकरीच्या’ ढिगातला बराच भाग लोकरीचा नसतो. थंडीत गावोगावी लागणाऱ्या तिबेटी स्वेटरबाजारातला पुष्कळ माल लुधियानाहून येतो आणि त्यात ॲक्रिलिकचं प्रमाण मोठं असतं. हातविणकामासाठी दुकानात मिळणारे रंगीत गुंडेही बहुधा ॲक्रिलिकचेच असतात. सत्कार-समारंभांत नारळाबरोबर खांद्यावर पडणाऱ्या शालींचीही तीच गत. निवृत्त शिक्षकांच्या घरात अशा शालींची चळत असते, पण तीत खरी लोकर शोधावी लागते. ॲक्रिलिक हा खनिज तेलापासून तयार होणारा धागा आहे. तो ऊब देतो, रंग पकडतो, मशीनमध्ये धुतला तरी सहसा आटत नाही आणि किड्यांना त्याच्यात काही खाण्यासारखं नसतं. तेव्हा पुढची सगळी उस्तवार कोणत्या कपड्यांची करायची, हे आधी ठरवलेलं बरं.

कपड्यावरची पट्टी शाबूत असेल तर ती वाचावी. नसेल तर शिवणीच्या आतून इंचभर धागा काढून चिमट्यात धरावा आणि ज्योतीजवळ न्यावा. लोकर रडतखडत जळते, ज्योत दूर केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेली काळी राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळत वितळत भराभर पेटतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. दुसरी परीक्षा कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचची. वाटीत थोडं ब्लीच घेऊन त्यात धागा सोडला की लोकर बुडबुडे सोडत हळूहळू विरघळून जाते, ॲक्रिलिक मात्र जसंच्या तसं राहतं. पांढरा स्वेटर पिवळा पडला म्हणून त्याला ब्लीच लावायला निघालेल्या माणसाने ही वाटी एकदा जरूर बघावी.

लोकर विरघळते, कारण ती प्रथिन आहे. आपले केस, नखं, गुरांची शिंगं, पक्ष्यांची पिसं ज्या केराटिनची बनलेली असतात, त्याच केराटिनची लोकर. या प्रथिनात ३ ते ४ टक्के गंधक असतं. प्रथिनाच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधून ठेवणारे दुवे या गंधकाचे असतात आणि जळक्या केसांचा वासही त्याचाच. हे दुवे इतके चिवट असतात की केराटिन बहुतेक प्राण्यांना पचतच नाही. ज्यांना पचतं, त्यांच्याशी आपली गाठ आहे.

खातं कोण?

कपड्याला ‘कसर लागली’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यामागे वेगवेगळे किडे असतात आणि त्यांच्या सवयीही वेगळ्या असतात.

पहिला मान कपड्यांच्या पतंगांचा. जगभर आढळणाऱ्या त्यांच्या दोन प्रमुख जाती आहेत. एक जाळं विणणारी, दुसरी स्वतःभोवती कोष घेऊन फिरणारी. जाळं विणणारा पतंग सोनेरी-पिवळट, जेमतेम ६ ते ८ मिलीमीटरचा असतो. गंमत म्हणजे पतंग स्वतः काहीच खात नाही. त्याचं तोंड खाण्याच्या कामाचं उरलेलं नसतं. तो जोडीदार शोधतो, मादी ४०-५० अंडी लोकरीच्या धाग्यांत सोडते आणि दोघांचा खेळ आटोपतो. खाणारी असते ती अंड्यातून निघालेली अळी. तिच्या आतड्यातला रस तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यात गंधकाचे दुवे तुटतात. अन्न चांगलं असेल, हवा उबदार आणि दमट असेल तर ही अळी महिना-दीड महिन्यात वाढते. परिस्थिती वाईट असेल तर दोन-दोन वर्षं रेंगाळते, पण मरत नाही. रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग हे नव्हेत. कपड्यांच्या पतंगाला उजेडाचं वावडं असतं. कपाट उघडल्यावर उडण्यापेक्षा पळून घडीत शिरणारा जो बारीक पिवळट किडा दिसतो, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं.

कोष घेऊन फिरणाऱ्या अळीचा एक भाऊबंद आपल्या घरांत इतका नेहमीचा आहे की आपण त्याच्याकडे बघतही नाही. भिंतीच्या कोपऱ्यात, छताच्या कडेला भोपळ्याच्या बीसारखी करडी, चपटी पिशवी चिकटलेली दिसते ती त्याची. धूळ, वाळूचे कण, मेलेल्या किड्यांचे तुकडे रेशमाने सांधून अळीने ती बनवलेली असते आणि तिच्या दोन्ही टोकांतून अळी डोकं बाहेर काढू शकते. कोळ्यांची जुनी जाळी आणि गळलेले केस हा तिचा रोजचा आहार, लोकर मिळाली तर तीही चालते. म्हणून कपाटामागची जळमटं झाडणं हेसुद्धा लोकरीच्या निगेचंच काम आहे.

दुसरा गट भुंगेऱ्यांचा. लोकरीचे गालिचे खाण्याबद्दल प्रसिद्ध असलेले हे भुंगेरे २ ते ४ मिलीमीटरचे, वाटोळे, बहुधा ठिपकेदार असतात. मोठे झाले की ते फुलांतले परागकण खातात आणि खिडकीच्या उजेडाकडे धावतात. लोकर खातात त्यांच्या तपकिरी, केसाळ अळ्या. खिडकीच्या चौकटीत असा भुंगेरा मेलेला सापडला तर त्याची पिल्लं घरात कुठेतरी जेवत असण्याची शक्यता असते. पक्ष्यांची घरटी हे या भुंगेऱ्यांचं आणि पतंगांचंही नैसर्गिक घर. एसीच्या बाहेरच्या फळीवर कबुतरांनी थाटलेला संसार यासाठीही हटवायला हवा.

सळसळत पळणारी चंदेरी कसर मात्र लोकरीपेक्षा पिष्टमय पदार्थांवर जास्त जगते. पुस्तकांची खळ आणि कांजी केलेले सुती कपडे हे तिचं आवडतं खाणं.

या सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की नुसत्या केराटिनवर अळीचं नीट भागत नाही. तिला जीवनसत्त्वं आणि क्षार लागतात, ते तिला घामातून, त्वचेच्या तेलातून, सांडलेल्या चहा-आमटीतून मिळतात. म्हणून भोकं कुठे पडतात ते बघा: गळ्यापाशी, काखेत, बाहीच्या कडेला, पोटावर जिथे जेवताना थेंब पडला होता तिथे. संशय असलेला स्वेटर खिडकीशी नेऊन दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. आरपार भोक नसेल तरी काही ठिकाणी वीण विरळ झालेली, वरचा केसाळपणा कुणी भादरल्यासारखा गेलेला दिसेल. घडीत बारीक कण सापडतील. ती अळीची विष्ठा. धाग्याचा रंग अळीला पचत नाही, त्यामुळे लाल स्वेटरमध्ये ते कण लाल आणि निळ्यात निळे असतात. कोष करणारी अळी तर जो कपडा खाते त्याच्याच धाग्यांचा अंगरखा शिवते. हिरव्या शालीवर ती हिरवी होऊन बसते आणि डोळ्यांना सापडत नाही.

धुणं

हंगामात लोकर वारंवार धुवायची गरज नसते. रात्री स्वेटर खुर्चीच्या पाठीवर मोकळ्या हवेत टाकला आणि अधूनमधून मऊ ब्रशने झटकला तरी त्याचा वास जातो. पण पेटीत जाण्यापूर्वी मात्र प्रत्येक कपडा धुवायला हवा, अगदी एकदाच घातलेलासुद्धा. घाम वाळला की डोळ्यांना दिसत नाही, अळीला मात्र तो सापडतो.

धुताना भीती असते ती आटण्याची. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात आणि त्या सगळ्यांचं तोंड तंतूच्या टोकाकडे असतं. ओल्या, साबण लागलेल्या लोकरीला चोळलं की तंतू एकाच दिशेने सरकतात आणि खवले एकमेकांत अडकल्यामुळे मागे फिरू शकत नाहीत. चोळणं चालू राहिलं तर सगळे तंतू एकमेकांत गुंतून कपडा घट्ट, जाड आणि लहान होतो. काश्मीरचा नमदा याच गुणावर तयार होतो. साबणाचं पाणी शिंपडून लोकर मुद्दाम दाबली आणि लाटली जाते. वॉशिंग मशीनच्या नेहमीच्या फेऱ्यात टाकलेला स्वेटर त्याच प्रक्रियेतून जातो, फक्त नमदा कुणाला नको असतो. असा आटलेला कपडा पुन्हा ताणून पूर्ववत होत नाही. अपवाद ‘मशीनमध्ये धुवा’ असं स्पष्ट लिहिलेल्या लोकरीचा. तिचे खवले रासायनिक प्रक्रियेने बोथट करून त्यांवर पातळ लेप दिलेला असतो.

दुसरा शत्रू साबण. कपड्यांची वडी आणि पावडर यांचं पाणी अल्कधर्मी असतं आणि त्यात लोकर खरखरीत होते. काही पावडरींत डाग काढण्यासाठी प्रथिनं तोडणारी विकरं असतात. रक्ताचा किंवा अंड्याचा डाग त्यांना दिसतो तसाच स्वेटरही दिसतो. म्हणून इझीसारखं लोकरीसाठीचं सौम्य द्रव वापरावं, नाहीतर आपला जुना रिठा आहेच. दहा-बारा रिठे रात्री भिजत घालावेत, सकाळी उकळून, कुस्करून पाणी गाळून घ्यावं. फेस भरपूर येतो आणि लोकरीला इजा होत नाही. पांढऱ्या शुभ्र कपड्यावर मात्र त्याची तपकिरी झाक उतरू शकते, तिथे द्रवच बरं.

प्रत्यक्ष धुण्याची रीत साधी आहे. हाताने विणलेला स्वेटर असेल तर आधी तो कोऱ्या कागदावर पसरून कडेने पेन्सिलीची रेघ मारून घ्यावी. वाळवताना आकार बरोबर लावायला ही रेघ उपयोगी पडते. मग स्वेटर उलटा करावा आणि साध्या किंवा कोमट, म्हणजे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात बुडवावा. पाच-दहा मिनिटांहून जास्त भिजवू नये. चोळायचं नाही, आपटायचं नाही, ब्रश घासायचा नाही. तळव्यांनी दाबायचं आणि सोडायचं. खळबळण्याचं पाणीही पहिल्याइतक्याच तापमानाचं असावं. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं तर साबणाचा उरलासुरला अल्क निघून जातो आणि लोकर मऊ राहते.

खरी पंचाईत पुढे होते. ओली लोकर दुबळी असते आणि स्वेटरने स्वतःच्या वजनापुरतं तरी पाणी धरलेलं असतं. एका खांद्याला धरून तो बादलीतून उचलला की तिथेच त्याची लांबी वाढते. दोन्ही हात खाली घालून, सगळा गोळा एकदम उचलावा. पिळू नये. जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळावा आणि दाबावा, निम्मं पाणी टॉवेल पितो. दोरीवर, हँगरवर टांगू नये. बाजेवर किंवा टेबलावर कोरड्या टॉवेलवर आडवा पसरून, मघाच्या कागदावरच्या रेघेप्रमाणे आकार लावून सावलीत वाळवावा. कडक उन्हात रंग उडतो आणि पांढरी लोकर पिवळी पडते.

कोट, ब्लेझर, अस्तर असलेले जाकीट, जरीकाम केलेली किंवा जुनी काश्मिरी शाल यांच्या वाटेला घरी जाऊ नये, ड्रायक्लीनिंगला द्यावं. त्या प्रक्रियेत अंडी-अळ्याही मरतात. देताना खिसे उलटे करून बघावेत, कारण शेंगदाण्याची सालं आणि बिस्किटाचा चुरा तिथेच सापडतो. परत आल्यावर प्लास्टिकचं वेष्टन काढून कपडा एक-दोन दिवस हवेवर ठेवावा आणि द्रावणाचा वास गेल्यावरच कपाटात घालावा.

कोरडी दुपार

लोकर हातांना कोरडी लागते तेव्हाही तिच्यात पाणी असतंच. आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ती ओली भासत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना एक किलो कोरड्या लोकरीत साधारण १६० ग्रॅम पाणी मुरलेलं असतं, आणि हवा आणखी दमट झाली की हा आकडा वाढतो. थंडीत अंगाला हवाहवासा वाटणारा हा गुण पेटीत अडचणीचा ठरतो. दमट हवेत घडी घालून बंद केलेला स्वेटर स्वतःबरोबर पेटीत पाणी घेऊन जातो. मग बुरशीचे ठिपके, कुबट वास आणि अळीला मानवणारी ओल, असं सगळं आतल्या आत तयार होतं.

यावर उपाय फुकटचा आहे. पेटी भरण्यासाठी कोरडी दुपार निवडायची. घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी हवा एकदम कोरडी होते. कोकणात तितकी होत नाही, पण तिथेही सकाळ-संध्याकाळपेक्षा दुपार बरी. धुऊन वाळलेले कपडे दोन-तीन तास हवेशीर खोलीत मोकळे पसरावेत आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला घड्या घालून बंद करावेत. सकाळी अंघोळीची वाफ घरभर असताना हे काम काढू नये.

गुंडाळायला जुनं, स्वच्छ सुती कापड उत्तम. विटलेली नऊवारी, धोतर, पलंगपोस, काहीही चालतं. मात्र त्याला कांजी नको. पत्र्याच्या पेटीला आतून असं कापड लावलं की गंजाचे डागही टळतात. वर्तमानपत्राची शाई हलक्या रंगावर उतरते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा किडे बाहेर ठेवतो, पण आत गेलेली ओलही बाहेर पडू देत नाही. कपडे पुरते कोरडे असतील तरच तो वापरावा आणि बूट-पर्सबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकाव्यात. हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्या जागा वाचवतात, पण लोकरीची ऊब तिच्या कुरळ्या तंतूंत अडकलेल्या हवेत असते आणि महिनोन्‌महिने दाबून ठेवलेला कपडा तो फुगीरपणा हरवून बसतो. जड कपडे तळाशी, हलके वर. स्वेटर हँगरला लावू नये, खांद्यांना टोकं येतात.

गोळी, कापूर, वेखंड

आता डांबरगोळी. ती नॅप्थॅलिनची असते. घन पदार्थातून ती थेट वायुरूप होते, आणि मारतो तो हा वायू. त्यासाठी त्याची दाटी व्हावी लागते, म्हणजेच पेटी बंदिस्त असावी लागते. कपाट उघडण्याआधीच खोलीत वास येत असेल तर वायू कपड्यांत न राहता आपल्या नाकात येतो आहे, असं समजावं. फटी असलेल्या लाकडी कपाटात चार गोळ्या टाकून अळी मरत नाही, माणसाला मात्र रोज वास घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नॅप्थॅलिनला कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातलं आहे आणि युरोपीय संघाने २००८ मध्ये या गोळ्या बाजारातून काढल्या. दिसायला तशाच असणाऱ्या काही गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. दोन्ही एकत्र पडल्या तर एकमेकींना पाझर फोडतात आणि कपड्यावर डाग पडतात.

यातला एक धोका आपल्या घरांना विशेष लागू आहे. बाळंतविड्यातली लोकरीची टोपडी, मोजे, इवलेसे स्वेटर आपण जपून ठेवतो आणि पुढच्या बाळासाठी काढतो. काही मुलांच्या तांबड्या रक्तपेशींत जन्मतःच जी-६-पी-डी नावाचं विकर कमी असतं. अशा तान्ह्या बाळाला गोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच घातले, तर नॅप्थॅलिनमुळे त्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. अशा घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. बाळाच्या कपड्यांत गोळी घालूच नये. जुने कपडे गोळ्यांत राहिले असतील तर वास पूर्ण जाईपर्यंत ते हवेवर ठेवून, धुऊन मगच वापरावेत. शिवाय पांढरी गोळी मुलांना पेपरमिंट वाटू शकते. कापूरही पोटात गेला तर मुलांना झटके येतात, म्हणून ‘नैसर्गिक’ आहे एवढ्यावर त्याला सूट देऊ नये.

मग आजीचं वेखंड आणि कडुलिंबाचा पाला? वेखंडाच्या मुळ्या आणि लवंगा यांच्या उग्र तेलांत कीटकांना दूर ठेवण्याचा गुण आहे आणि असा उपाय जगभर लोकांनी केला आहे. काश्मिरात शालींमध्ये कुठ, म्हणजे आयुर्वेदातलं कुष्ठ, या वनस्पतीची मुळं ठेवत. एकोणिसाव्या शतकात युरोपात जाणाऱ्या शालींच्या गठ्ठ्यांत पॅचौलीची पानं घातली जात, इतकी की तिकडे त्या वासावरून अस्सल शाल ओळखण्याची रीत पडली. ही पॅचौली म्हणजे आपल्या वेणी-गजऱ्यातल्या पाचेची सख्खी नातलग. पण या सगळ्यांची ताकद राखणीपुरती. नवा पतंग कदाचित फिरकणार नाही, आत आधीच असलेली अंडी मात्र वेखंडाला दाद देत नाहीत. शिवाय तेल उडून गेलं की मूळ नुसतं काष्ठ उरतं. धुतलेल्या, कोरड्या कपड्यांत वेखंडाची पुरचुंडी ठेवावी आणि दर वर्षी बदलावी. पाला पुरता वाळलेला आणि कापडात बांधलेलाच असावा, कारण त्याच्या चुऱ्याचे डाग पडतात.

घोंगडीचं वेगळं

महाराष्ट्राची स्वतःची लोकर दख्खनी मेंढीची. ती जाड, राठ आणि बरीचशी काळी असते. धनगरांनी कातरलेली ही लोकर कातून तिचं सूत काढतात आणि सणगर मागावर त्याची घोंगडी विणतात. विणताना सुताला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी कडक असते आणि वापरून, धुऊन मऊ पडते. ही खळ म्हणजे चंदेरी कसरीचं आणि बुरशीचं आयतं खाणं. नवी घोंगडी हौसेने आणून तशीच माळ्यावर टाकली तर पावसाळ्यात ती हमखास बुरशी धरते. तिला वापरात ठेवावं, महिन्या-दोन महिन्यांनी काठीवर टाकून झोडपावं आणि उन्हं द्यावीत.

खरं म्हणजे वापर हेच लोकरीचं सर्वांत जुनं संरक्षण आहे. मेंढक्याच्या खांद्यावरची, पावसात खोळ म्हणून डोक्यावर येणारी आणि रात्री अंथरायला लागणारी घोंगडी कसर खात नाही. अळीला अंधार, निवांतपणा आणि न हलणारी घडी लागते. तिला तसं ठिकाण मिळतं ते शहरातल्या बंद कपाटात. परदेशी मुलाकडे जाऊन आलेल्या आई-वडिलांचे जाड कोट पुढच्या व्हिसापर्यंत वर्ष-दोन वर्षं कपाटाच्या कोपऱ्यात टांगलेले असतात, त्यांच्यावर तर तिचा डोळा असतोच.

ऑक्टोबरची तपासणी

पावसाळ्यात पेटी शक्यतो उघडू नये, कारण उघडताच दमट हवा आत शिरते. उघडायची ती पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या कडक दुपारी. प्रत्येक कपडा बाहेर काढून गच्चीत किंवा गॅलरीत झटकावा, शिवणी आणि कॉलरची आतली बाजू ब्रशने झाडावी, तासभर ऊन दाखवावं आणि घडीची जागा बदलून ठेवावा. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी दुमडलेली शाल तिथेच फाटते. ब्रशने अंडी चिरडतात आणि उजेडाने अळ्या बाहेर पडतात, म्हणून या तासाभराला मोल आहे. रिकाम्या पेटीच्या कडा, कपाटाच्या फटी व्हॅक्यूम क्लीनरने किंवा कोरड्या कुंच्याने साफ कराव्यात.

कसर सापडलीच तर तो कपडा ताबडतोब पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून वेगळा काढावा. लहान कपड्यांना फ्रीझर लागू पडतो. प्लास्टिकच्या पिशवीतली हवा काढून, तोंड घट्ट बांधून, उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर गार कपड्यावर बाष्प धरतं. मोठ्या, धुण्याजोग्या नसलेल्या वस्तूंना ड्रायक्लीनिंग हाच मार्ग. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याचं ऊनही कामाला येतं. कोरडी घोंगडी काळ्या प्लास्टिकमध्ये बंद करून दुपारभर उन्हात ठेवली आणि मधल्या घडीपर्यंत तापमान ५५ अंशांना जाऊन पोचलं, तर अळ्या आणि अंडी जगत नाहीत. भारी शालींवर मात्र हा प्रयोग करू नये.

भोक दिसलं तर ते धुण्याआधी सांधावं. अळीने अर्धवट कुरतडलेले धागे कपडा कोरडा असेपर्यंत तग धरतात आणि पाणी लागताच तुटतात. धुऊन आलेल्या स्वेटरला चार नवी भोकं दिसली की आपण लॉन्ड्रीवाल्याला बोल लावतो, पण पुष्कळदा ती भोकं पेटीतच पडलेली असतात. हाताने विणलेल्या स्वेटरसाठी विणतानाच हातभर लोकर बाजूला काढून त्याच्या आतल्या शिवणीला बांधून ठेवावी. ती त्याच्याबरोबर धुतली जाते, रंग तेवढाच उतरतो आणि दहा वर्षांनीही दुरुस्तीचा टाका वेगळा उठून दिसत नाही.

एवढं सगळं मिळून वर्षातल्या दोन सुट्ट्यांचं काम आहे. एक फेब्रुवारी-मार्चमधली, दुसरी ऑक्टोबरातली. दोन्ही साधल्या तर फारच छान. एकच जमणार असेल तर पहिली धरावी, कारण ती चुकली की दुसऱ्या सुट्टीत रफूगर शोधत फिरावं लागतं.